शिडी विकून टाकली

२ नोव्हेंबर २०२१, धनत्रयोदशी. गॅरेजच्या वरच्या उतारावर दिव्यांची माळ अडकवताना माझा नवरा शिडीवरून पडला. शिडीचा एक पाय मेपलच्या ओल्या पानांवर होता आणि खाली शिडी धरून मी उभी होते. ती सरकली तेव्हा मला आवरली नाही. त्याचं उजवं मनगट मोडलं, प्लेट बसवावी लागली. अर्धी लावलेली माळ दिवाळीभर तशीच लोंबकळत राहिली. ती काढायलाही कुणी वर चढायचं नाही, असं मी घरात बजावून ठेवलं होतं.

आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहतो. इथल्याच मेन्लो पार्कमध्ये थॉमस एडिसनने १८७९ च्या शेवटच्या रात्री लोकांना विजेचे दिवे पेटवून दाखवले. पुढे १८८२ मध्ये त्याचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी ख्रिसमसच्या झाडावर लाल, पांढरे, निळे असे ८० दिवे लावले. घरावर माळा लावायची इथली हौस त्यानंतर वाढत गेली. आमच्या गल्लीत निम्मी घरं आपल्याकडची. वसुबारसेला लागलेले दिवे नवीन वर्षापर्यंत उतरत नाहीत आणि शेजारच्या ख्रिसमसच्या दिव्यांत मिसळून जातात. या गल्लीत आपलंच घर अंधारात ठेवायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण नवऱ्याला पुन्हा शिडीवर पाहणं त्याहून नको होतं.

म्हणून २०२२ मध्ये पहिल्यांदा पैसे देऊन माणूस बोलावला. त्याने स्टेपलगनने वायर थेट लाकडात ठोकली. मला तेव्हा काही कळत नव्हतं, मी चहा करून दिला. पहिल्याच पावसात बाहेरचा प्लग ट्रिप झाला, कारण दोन माळांचा जोड जमिनीवर पाण्यात पडला होता. आणि जानेवारीत दिवे काढायला त्याने फोनच उचलला नाही. मार्चपर्यंत माळा वाऱ्यावर आपटत होत्या. शेवटी दुसऱ्यांना पैसे देऊन उतरवल्या, तर लाकडात रांगेने भोकं.

लावणारा माणूस शोधताना काढण्याचं आधी बोला, हे मी तेव्हा शिकले. आता मैत्रिणींना पहिलं हेच सांगते.

२०२३ पासून जे लोक येतात, त्यांचं काम मी दरवर्षी अंगणात उभी राहून पाहते. पहिल्या वर्षी त्यांनी छताची कड मोजली, १४० फूट भरली. तेवढीच वायर कापली, दर फुटाला एक दिवा. पन्हळीच्या कडेला प्लास्टिकच्या क्लिपा बसतात, त्यातच दिवा घट्ट राहतो. खिळा नाही, स्टेपल नाही. शिडीच्या वरच्या टोकाला आडवी दांडी असते, त्यामुळे शिडी पन्हळीवर न रेलता भिंतीवर टेकते. भिंत चार फूट उंच असेल तर शिडीचा पाय एक फूट बाहेर, हे प्रमाण त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. आम्ही वीस वर्षं जागा मिळेल तशी शिडी लावत होतो. उंच त्रिकोणी माथ्यावर जो चढतो त्याच्या कमरेला पट्टा आणि दोर असतो. वायरींचे जोड जमिनीपासून वर बांधतात, तोंड खाली करून, म्हणजे पाणी आत शिरत नाही.

दिवे एलईडीचे. जुन्या मोठ्या बल्बला सात वॉट लागायचे, म्हणजे १४० दिव्यांना ९८० वॉट. एका सर्किटचा बराचसा भार तिथेच संपायचा. आता सगळे मिळून शंभरही होत नाहीत. रंग मी पिवळसर पांढरा निवडला, पणतीच्या जवळ जाणारा.

दिवे ठरवण्याआधी मी त्यांच्याकडे विम्याचा कागद मागितला. माझ्या छतावरून कुणाचा मुलगा पडला तर त्याच्या औषधपाण्याची सोय असली पाहिजे. ज्यांनी हा कागद दाखवायला टाळाटाळ केली ते स्वस्त होते, तरी मी त्यांना नाही म्हटलं. पहिल्या वर्षी दिव्यांसकट हजार डॉलरच्या थोडं वर गेले. दिवे आमचेच, त्यामुळे पुढच्या वर्षापासून फक्त मजुरी.

सांगलीहून सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, दिवाळीचे दिवे लावायला माणसं? आपल्या हातांनी लावावेत गं." मला ते लागलं, कारण मलाही तसंच वाटत होतं. मग मी म्हटलं, "आई, आमच्या लग्नात घरावर लायटिंग कुणी केली होती?" त्या थोडं थांबल्या. "मांडववाल्याच्या पोरांनी. अनवाणी चढली होती गच्चीच्या कठड्यावर. मी सारखी ओरडत होते, पडाल रे." पुढे त्या एवढंच म्हणाल्या, "त्याला चढू देऊ नकोस."

आकाशकंदील मात्र आम्हीच लावतो. पोर्चच्या छताला एक हूक आहे, जमिनीवर उभं राहून लांब काठीने तिथे कंदील अडकवता येतो. नवऱ्याचं मनगट थंडीत अजून दुखतं, म्हणून काठी मी धरते, दोरी तो ओढतो. पणत्या, रांगोळी, कंदील आमच्या हातचं, छत त्यांचं.

जानेवारीच्या मध्यावर एखादा कोरडा दिवस बघून ते दिवे उतरवायला येतात. छतावर बर्फ असेल तर येत नाहीत, तारीख पुढे ढकलतात. घाईने ओढल्या तर थंडीने कडक झालेल्या क्लिपा तुटतात आणि पन्हळही वाकते. प्रत्येक माळेला चिठ्ठी बांधतात, 'गॅरेज डावीकडे', 'मुख्य माथा', आणि गुंडाळून खोक्यात भरतात. यंदा उतरवताना एक शिंगल, म्हणजे छतावरची चपटी फरशी, उचकटलेली दिसली, तीही त्यांनी दाखवली. एरवी ती गळती लागल्यावरच आम्हाला समजली असती.

त्यांचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या, आसपासचा. २०२५ मध्ये वसुबारस १७ ऑक्टोबरलाच आली तेव्हा त्यांच्या वेळापत्रकात आमच्यासारख्यांची वेगळी यादी करावी लागली. आता तारखा मीच आधी कळवते. २०२६ ला लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी. त्यांनी वहीत 'दिवाळी' असं लिहून घेतलं आणि विचारलं, "पोर्चवरचा तो तारा तुम्हीच लावणार ना?"