आगळाच्या बाटलीवर काय लिहायचं

कोकणकन्येतून सकाळी कुडाळला उतरले तेव्हा माझ्या लॅपटॉपमध्ये तीन लोगो तयार होते. तिन्हींत माड होता. एकात माडामागे सूर्य बुडत होता, दुसऱ्यात माडाखाली लाट होती आणि तिसऱ्यात झावळी वळवून तिचा 'क' केला होता. त्या 'क'वर मी चार रात्री घालवल्या होत्या.

माझ्या मैत्रिणीच्या काकी मालवण तालुक्यात, आचऱ्याच्या अलीकडच्या एका गावात राहतात. त्यांचा अकरा बायकांचा बचत गट आहे. आगळ (कोकमाचा खारवलेला रस), सोलं (कोकमाच्या वाळवलेल्या साली), मालवणी मसाला आणि सुका जवळा असा त्यांचा माल. इतकी वर्षं तो ओळखीपाळखीत खपत होता. आता मुंबईला पाठवायचा, म्हणून लेबल हवं होतं. मे महिन्याचे पहिले दिवस होते. भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, उतरत होती, काम कसं चालतं ते बघायचं तर हेच दिवस, म्हणून मी सहा दिवसांसाठी गेले.

काकींच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, पाऊल टाकलं तर सगळं खळं लाल. भिरंडाच्या बिया आणि गर वेगळा काढून साली उन्हात पसरलेल्या होत्या. दिवसभर वाळलेल्या साली गराच्या खारवलेल्या रसात बुडवायच्या, पुन्हा उन्हात घालायच्या, पुन्हा बुडवायच्या. प्रत्येक पुटाला रंग बदलतो. ताजं फळ गर्द लाल, दुसऱ्या दिवशी ते जांभळ्याकडे झुकतं आणि शेवटी हातात येणारं सोल जवळजवळ काळं. मी रंगांची पट्टी घेऊन त्या खळ्यात बराच वेळ बसले आणि एकही रंग जुळला नाही.

सोलकढीच्या गुलाबीचं तर मला वेगळंच कुतूहल आहे. बाजारातल्या पाकिटांवर ती नुसत्या मॅजेंटात छापलेली असते, लहान मुलांच्या फुग्यासारखी. खऱ्या सोलकढीत एक मंद जांभळी झाक असते, कारण कोकमाचा रंग आंबटपणावर अवलंबून असतो. नारळाच्या दुधात तो नुसता फिका होत नाही, थोडा बदलतोही. काकींनी आगळ दुधात ओतला तेव्हा तो बदल वाटीत डोळ्यांसमोर घडला. कागदावर तो आणायचा तर मॅजेंटात निळ्याचा अगदी थोडा अंश हवा. एवढं कळायलाही मुंबईहून यावं लागलं, आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही.

दुपारी जेवायला बांगड्याचं तिखलं होतं, तिरफळं घातलेलं. तिरफळ ज्याने खाल्लं नाही त्याला ते समजावणं कठीण. जिभेवर बारीक मुंग्या येतात आणि मागे लिंबाच्या सालीसारखा वास रेंगाळतो. माशाच्या आमटीला हा वास आला की आपण कुठल्या किनाऱ्यावर बसलो आहोत हे सांगायला पाटी लागत नाही. आपण सगळे डिझायनर ज्याच्यामागे धावत असतो ती ओळख अशी एका फळाच्या सालीत असते.

संध्याकाळी बायका जमल्या. मी लॅपटॉप उघडला. तिन्ही चित्रं सगळ्यांनी नीट, आदराने पाहिली. मग काकींच्या जाऊबाई म्हणाल्या, "चित्र बरा आसा. पन आमी माड खंय इकतव? आमी सोलां इकतव."

कुणी हसलं नाही. प्रश्न रास्त होता.

मग मी विचारलं, तुमचा आगळ लोक मागतात कसा? एकीने सांगितलं, मालवणच्या बाजारात गिऱ्हाईक आधी गाव विचारतं. "खंयचो आगळ?" गाव कळलं की पुढचं बोलणं. हापूसचंही तेच. देवगडचा की रत्नागिरीचा हे आधी, भाव नंतर. 2016 मध्ये सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं, 2018 मध्ये हापूसला. कायद्यानेही शेवटी मालाची ओळख गावाशी, मातीशीच बांधली. आणि माझ्या तिन्ही लोगोंत गावाचं नाव तळाला होतं, मुंगीच्या पायाएवढं.

काकींनी पोटमाळ्यावरून एक पत्रा आणून दाखवला. त्यांच्या सासऱ्यांच्या आंब्याच्या पेट्यांवरचा मार्का. पत्र्यात कापलेली दोन अक्षरं आणि भोवती वर्तुळ. पत्रा पेटीवर धरायचा, वरून रंगाचं फडकं फिरवायचं. देवनागरी अशी कापणं सोपं नाही. अक्षराच्या पोटातला तुकडा गळून पडू नये म्हणून मध्ये पत्र्याची बारीक पट्टी राखावी लागते, आणि शिरोरेषा सलग कापली तर पत्रा वाकतो, म्हणून ती तोडावी लागते. कापणाऱ्याने ती प्रत्येक ठिकाणी अशी तोडली होती की वाचताना जाणवू नये. वाशीच्या बाजारातले दलाल पेटी न उघडता त्या मार्क्यावरून माल ओळखत, असं काकी म्हणाल्या. मला वाटलं, लोगो सापडला. पण काकींनीच मान हलवली. "ह्यो आमच्या घराचो मार्को. गट सगळ्यांचो आसा." एका घराची खूण अकरा घरांच्या मालावर लावायची नाही, हे त्यांना चटकन दिसलं. मला दिसायला हवं होतं.

पाकिटांचे नियम समजावण्यात एक सकाळ गेली. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी नंबर, तारीख, वजन. आगळावर हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, जवळ्यावर मात्र चौकोनात तपकिरी त्रिकोण. पूर्वी तिथेही ठिपकाच असायचा. हिरवा आणि तपकिरी ज्यांना वेगळे दिसत नाहीत त्यांना तो ओळखता येत नसे, आता आकारावरून कळतं. हे सांगितल्यावर गटातल्या एका ताईंनी ते पाकीट हातात घेऊन बराच वेळ निरखलं. त्यांच्या भावाला रंग कळत नाहीत, शाळेत त्याने त्यापायी मार खाल्ला होता. "म्हंजे कोणीतरी विचार केल्यान," एवढंच त्या म्हणाल्या. माझ्या धंद्याबद्दल इतकं चांगलं मी क्वचित ऐकलं आहे.

एक दिवस सावंतवाडीला गेले. राजवाड्याच्या दरबार सभागृहात गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे पत्ते, हाताने रंगवणारे कारागीर बसतात. ही कला संपत आलेली असताना इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी 1970 च्या दशकात ती पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफेत 120 गोल पानं असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. दिवसा खेळताना रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची, रात्री कृष्णाचा ज्याच्याकडे त्याने. पण मी गुंतले ते आकड्यांच्या पानांत. मत्स्याचा मासा, कूर्माचं कासव, परशुरामाचा परशू. एक्क्यावर एक मासा, दश्श्यावर दहा मासे, पान तेवढंच, तळहातात मावणारं. दहा मासे मावायचे तर मासा नखाएवढा होतो, आणि तरी तो मासाच दिसायला हवा, दिव्याच्या उजेडात, पत्ते हातात पसरलेले असताना. कारागीर डोळा, शेपूट आणि पाठीची एक कमान एवढंच ठेवतो. शिवाय प्रत्येक अवताराच्या पानाची जमीन वेगळ्या रंगाची, म्हणजे चित्र दिसलं नाही तरी रंग सांगतो. लोगो लहान करून बघा असं मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. इथे ते काम बारीक कुंचल्याने, एकही ओळ न खोडता चाललं होतं. मी दोन तास उभी होते. शेवटी एका ताईंनी न बोलता स्टूल पुढे सरकवलं.

परतीच्या आदल्या दिवशी मालवणच्या धक्क्यावर गेले. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून दोन महिने मासेमारी बंद, त्यामुळे काही होड्या आत्ताच वर ओढलेल्या. हंगामभर मीठ खाऊन त्यांच्यावरची नावं झिजली होती. बारीक, वळणदार अक्षरं पुसटली होती. रुंद ब्रशने ओढलेली जाड अक्षरं, फुगीर 'द' आणि 'व', अजून दुरून वाचता येत होती. खाऱ्या पाण्याने काय ठेवलं ते मी वहीत उतरवून घेतलं. बाटलीही ओल्या हातांतच जाणार आहे.

तिथून किल्ल्यात. कुरटे बेटावर 1664 ते 1667 या काळात बांधलेला सिंधुदुर्ग. आत तटावरच्या छोट्या घुमटीत शिवाजी महाराजांचा म्हणून जपलेला हाताचा ठसा आहे, चुन्यात उमटलेला. महाराजांची राजमुद्रा अष्टकोनी, आणि तिच्यावरून प्रेरणा घेतलेला अष्टकोन 2 सप्टेंबर 2022 पासून भारतीय नौदलाच्या ध्वजावर आहे. मुद्रा रेखीव, मोजून मापून केलेली, कागदावर उमटवायची. ठसा नुसता हात. बाहेर पडल्यावर मुद्रेपेक्षा हातच जास्त आठवत राहिला, आणि होडी किनाऱ्याला लागेपर्यंत मी माझ्या तळव्याकडे बघत होते.

रात्री पेज जेवून झाल्यावर काकी म्हणाल्या, "टाचो बघ कितक्यो फुटल्यो तुझ्यो," आणि मुठेलाचा गोळा हातावर ठेवला. कोकमाच्या बियांचं हे तूप, थंड झालं की घट्ट होतं, आणि घट्ट होताना मुठीत दाबून त्याचा गोळा करतात. गोळ्यावर चार बोटांचे खळगे स्पष्ट होते. काकींनी डब्यातून आणखी दोन काढले. हा माझा, हा जाऊबाईंचा, तिची मूठ बारीक. न बघता, नुसत्या चाचपून सांगितलं.

रात्री उशिरापर्यंत मी लेबल नव्याने बसवलं. वर गावाचं नाव, होडीवरच्या अक्षरांसारखं जाड, अर्धी जागा व्यापणारं. खाली 'आगळ'. रंग एकच, सोलकढीतली ती झाक असलेला. आणि उजव्या कोपऱ्यात नखाएवढं रिकामं वर्तुळ. जिने ती बाटली भरली तिने तिथे आपली खूण काढायची.

सकाळी निघण्याआधी बायकांना कागद आणि पेन दिले. सुरुवातीला सगळ्या लाजल्या, शाळेनंतर चित्र काढलं नाही म्हणाल्या. मग एकीने शिंपला काढला. एकीने आडाळो, म्हणजे विळी, अगदी तीन रेघांत, कुणालाही ओळखू येईल असा. होडी, तिरफळाचा घोस, चूल, कोंबडी. दोघींना मासाच हवा होता, त्यावर थोडी वादावादी झाली, शेवटी एकीने बांगडा घेतला आणि दुसरीने कुर्ली, म्हणजे खेकडा. काकींनी बोटांचे चार खळगे काढले.

दहा वर्तुळं भरली. जाऊबाईंनी पेन खाली ठेवला. "माका घाय करू नको. चतुर्थेक ये, तवसर ठरवतंय." अकरावं वर्तुळ तसंच ठेवून फाइल छपाईला पाठवली आहे, आणि चतुर्थीचं तिकीट काढलं आहे.