हाकेचं नाव आणि कागदावरचं नाव

धाकटीच्या वेळी नावाची शोधाशोध करावीच लागली नाही. ती पोटात असतानाच घरात तिला ‘अनू’ म्हणायला सुरुवात झाली होती. आधी कोण म्हणालं, तेही आता आठवत नाही. प्रश्न उभा राहिला तो जन्मनोंदणीचा अर्ज समोर आल्यावर. ‘बाळाचे नाव’ या रकान्यात लिहायचं काय? नवरा म्हणत होता ‘अनू’. मी म्हणत होते ‘अनुराधा’.

ऐकणाऱ्याला हा वाद क्षुल्लक वाटतो. एक लांब, एक आखूड, घाला काहीतरी आणि मोकळे व्हा. पण आम्ही दोघंही अडून बसलो होतो आणि दोघांकडेही कारणं होती. नावांच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात, पण लाडाचं नावच कागदावर घालावं का, याबद्दल नीट कुणी बोलत नाही. म्हणून आमचं काय झालं ते लिहिते आहे.

आधी नवऱ्याची बाजू, कारण ती कच्ची नव्हती. त्याचं स्वतःचं कागदावरचं नाव लांबलचक, जोडाक्षरांचं. आयुष्यात कुणी त्याला त्या नावानं हाक मारलेली नाही. रोमन लिपीत ते एका प्रमाणपत्रावर एका तऱ्हेनं, दुसऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेनं, आणि ‘हे दोन्ही मीच’ असं तो वर्षानुवर्षं लोकांना पटवत आलाय. “जे नाव आपण तोंडानं कधी घेणारच नाही, ते तिच्या गळ्यात कशाला घालायचं?” हे तो तळमळीनं विचारायचा, आणि मला पटकन उत्तर देता यायचं नाही.

त्याच्या बाजूनं मोठमोठी उदाहरणंही होती. जेम्स अर्ल कार्टर यांनी १९७७ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ ‘जिमी कार्टर’ या नावानंच घेतली. ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष झालेले लुला जन्माच्या नोंदीत नुसते लुईझ इनासिओ दा सिल्वा. ‘लुला’ हे टोपणनाव त्यांनी १९८२ मध्ये रीतसर आपल्या नावात घालून घेतलं. ब्रिटनच्या राजघराण्याचं उदाहरण तर नवऱ्यानं दोनदोनदा सांगितलं. राणी एलिझाबेथला लहानपणी स्वतःचं नाव नीट म्हणता येईना, त्यातून घरात ‘लिलिबेट’ रूढ झालं. तिचा नातू कागदावर हेन्री, सगळ्या जगाला हॅरी. आणि या हॅरीनं २०१९ मध्ये मुलाचं नाव आर्चिबाल्ड न ठेवता सरळ ‘आर्ची’ ठेवलं, २०२१ मध्ये मुलीचं ‘लिलिबेट’. म्हणजे पणजीच्या लाडाच्या नावाला पणतीच्या जन्मदाखल्यात जागा मिळाली. “बघ,” नवरा म्हणाला, “राजवाड्यातसुद्धा आता हाकेचं नावच लिहितात.”

मी मात्र वेगळ्या अनुभवानं बांधलेली होते. काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांचं ऑपरेशन झालं. भूल उतरत असताना नर्स त्यांच्या कानाशी वाकून फायलीवरचं नाव घेत होती, “दत्तात्रय काका, डोळे उघडा. दत्तात्रय काका!” काही हालचाल नाही. आत्या माझ्यासोबत उभी होती. तिनं पुढं होऊन साध्या, घरातल्या आवाजात म्हटलं, “बाळ्या, ऊठ.” वडिलांनी डोळे उघडले. सत्तरी ओलांडलेला माणूस, चाळीस वर्षं ऑफिसात त्या भारदस्त नावानं सह्या केलेला. पण अर्धवट शुद्धीत त्याच्यापर्यंत पोचलं ते बहिणीनं घातलेलं नाव. आणि ते नाव कुठल्याही कागदावर नव्हतं.

नवऱ्याला हा प्रसंग त्याच्याच बाजूचा वाटला. मला तो नेमका उलटा वाटला, आणि माझं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे. हाकेच्या नावाला कागदाची गरज नसते. ते माणसांच्या तोंडी जगतं, सत्तर वर्षं जगतं, भूल दिली तरी जगतं. कागदावरचं नाव तसं नाही. ते लिहिलं तरच असतं. मग लिहायची संधी एकदाच मिळते, तर ती न लिहिताही टिकणाऱ्या नावासाठी का वापरायची?

हे एकदा लक्षात आल्यावर मला जिकडेतिकडे तेच दिसायला लागलं. टिळकांचं मूळ नाव केशव. घरात ‘बाळ’ म्हणायचे, आणि तेच पुढं इतकं पक्कं झालं की केशव हे नाव आज सांगावं लागतं. पेलेचं तर त्याहून गमतीचं. नोंदीत एडिसन, कारण दिव्याच्या त्या संशोधकावरून नाव ठेवलेलं. तो स्वतः लिहायचा एडसन. घरी त्याला ‘डिको’ म्हणायचे. ‘पेले’ शाळेतल्या पोरांनी पाडलेलं, आणि सुरुवातीला त्याला ते मुळीच आवडत नव्हतं. आईबापांनी कितीही ठरवलं तरी जग आपल्याला हवं ते नाव पाडतंच. त्यावर आपला ताबा नाही. आपल्या हातात फक्त रकाना असतो.

लहान मुलाला यातलं काय कळतं, हेही मी वाचून पाहिलं. साडेचार महिन्यांच्या सुमारास बाळं स्वतःच्या नावाचा आवाज इतर नावांहून वेगळा ओळखू लागतात, असं १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं होतं. अर्थ कळत नाही, आवाज कळतो. आणि तो आवाज अर्थातच रोज कानावर पडणाऱ्या हाकेचा. त्यामुळं अनू ही अनूच राहणार होती, आम्ही दाखल्यावर काहीही लिहिलं तरी.

दुसरा मुद्दा मला माझ्या संस्कृतच्या जुन्या वहीत सापडला, आणि तो सापडल्यावर मी रात्री नवऱ्याला उठवून सांगितला. पाणिनीनं अष्टाध्यायीत माणसांची लांब नावं मायेनं आखूड करण्याचे नियम दिलेत. देवदत्त असेल तर देविक, देविय, देविल. दोन स्वरांपर्यंतचा भाग ठेवायचा, पुढचा गाळायचा आणि त्याला लाडाचा प्रत्यय लावायचा. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस, व्याकरणासारख्या काटेकोर शास्त्रात त्यानं मायेला जागा ठेवली. मला फार बरं वाटलं ते वाचून. पण माझा मुद्दा होता दिशेचा. देवदत्तावरून देविकाकडे वाट जाते. परत येणारी वाट नाही. अनुराधा लिहिलं तर अनू मिळतेच, शिवाय राधा मिळते, अनु-राधा अख्खीही मिळते. मोठी झाल्यावर तिला जे आवडेल ते ती घेईल. अनू लिहिलं तर अनूच. रशियन लोकांत हे किती सहज चालतं! अलेक्झांडरचा साशा होतो, मारियाची माशा, सगळ्या देशाला या जोड्या पाठ. दाखल्यावर मात्र पूर्ण नावच. त्यात कुणाला काही दुहेरी वाटत नाही.

“आणि तिला अनूच आवडलं तर?” नवऱ्यानं विचारलं. तर काय बिघडलं, म्हटलं. ती अनू म्हणूनच जगेल. उद्या न्यायाधीश झाली, डॉक्टर झाली, नाहीतर गायला लागली, तरी दाराच्या पाटीवर कुठलं नाव लावायचं ते तिचं ती ठरवेल. एवढंच, की निवडायला तिच्याकडे काहीतरी असेल.

तरी तो लगेच तयार झाला नाही आणि मलाही नुसता वाद जिंकायचा नव्हता. मग सासूबाईंनीच तोड काढली. त्या म्हणाल्या, “नावं वापरून बघा की. कपडा घेताना अंगाला लावून बघता, आणि हे आयुष्यभर घालायचं.” त्यांनी स्वतःचं तिसरं नावही पुढं केलं, मृण्मयी.

मग आम्ही खरंच तिन्ही नावं वापरून पाहिली. आधी हाका. जवळून, दुसऱ्या खोलीतून, रागावून. लांबून हाक मारताना शेवटचा स्वर आपोआप ताणला जातो. पाणिनीनं त्यासाठीही वेगळं सूत्र केलंय. अनूऽऽ, राधाऽऽ, दोन्ही छान लांबतात. अनुराधा रागावून म्हणायला उत्तम निघालं, चार अक्षरांत पुरेसा दरारा येतो. मग प्रत्येक नाव आडनावासकट लिहून पाहिलं. अनोळखी माणसाला फोनवर सांगून पाहिलं. इथं मृण्मयी मागं पडलं. ते मला अतिशय आवडतं, पण ‘मृ’ला रोमनमध्ये आर-आय लिहायचं की आर-यू, पुढं ‘ण्म’चं काय करायचं, यावर घरातल्या चौघांनी चार स्पेलिंगं लिहिली. नवऱ्याच्या कपाळावरची आठी बघून सासूबाईंनीच ते नाव मागं घेतलं.

मला अनपेक्षित होतं ते पुढं. अनू हे दोन अक्षरी नाव सोपं ठरेल असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो. पण शेवटी यू की डबल-ओ? आणि फोनवर निम्म्या लोकांना ते ‘अन्नू’ ऐकू आलं, काहींनी “पूर्ण नाव सांगा” म्हटलं. हे पूर्णच आहे, असं दरवेळी सांगावं लागणार, ही गोष्ट नवऱ्याला टोचली. त्याला स्वतःला जे आयुष्यभर करावं लागलं होतं, तेच दुसऱ्या टोकानं मुलीच्या वाट्याला येत होतं. त्या संध्याकाळी तो म्हणाला, “अनुराधा लिही. पण स्पेलिंग आत्ता ठरवायचं आणि पुन्हा बदलायचं नाही.”

ही अट शंभर टक्के योग्य होती. लांब नावाचा खरा धोका लांबीत नाही, ते दर कागदावर वेगळं लिहिलं जाण्यात आहे. लांबीचीही एक मर्यादा माहीत असावी. पासपोर्टच्या माहितीच्या पानावर तळाशी यंत्रानं वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ जागांच्या. त्यातल्या वरच्या ओळीत आडनाव, नाव आणि मधली चिन्हं धरून ३९ जागा मिळतात. त्यापुढचं नाव तिथं छाटलं जातं. आम्ही घरं आखून मोजलं. अनुराधा आडनावासकट आरामात बसलं.

आम्ही एक कागद केला. त्यावर देवनागरीत आणि रोमनमध्ये नाव, बापाचं नाव, आडनाव, अक्षर न् अक्षर. त्याचा फोटो दोघांच्या फोनमध्ये. अर्ज भरताना तोंडी सांगायचं नाही, फोटो दाखवायचा. दाखल्याचा मसुदा तपासायला मिळाला, तेव्हा नवऱ्यानं प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून वाचला.

तरीही हाकेचं नाव एका ठिकाणी कागदावर घुसलंच. हॉस्पिटलात बाळाच्या मनगटावर आईच्या नावाची पट्टी होती, ‘अमकीचं बाळ’ अशी. नंतर पहिल्या लसीच्या वेळी सासरे तिला घेऊन गेले. नाव विचारल्यावर त्यांनी ओठावर होतं ते सांगितलं, आणि कार्डावर ‘अनू’ लिहिलं गेलं. आम्ही दुसऱ्या लसीच्या वेळी जन्मदाखला दाखवून ते लगेच दुरुस्त करून घेतलं. नव्या आईबापांना माझं कळकळीचं सांगणं आहे की हे पहिल्याच महिन्यांत करा. एका कागदावर एक नाव, दुसऱ्यावर दुसरं, असं सुरू झालं की पुढं ‘उर्फ’ येतं, आणि उर्फ आलं की प्रतिज्ञापत्रं येतात. घरात दहा नावं असू देत. कागदावर एकच हवं.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतल्या सातव्या कलमात मुलाला जन्मापासून नावाचा हक्क आहे असं म्हटलंय. मला ते वाक्य फार आवडतं, कारण त्यात नाव मुलाचं आहे, आईबापांचं नाही. आम्ही इतके दिवस ‘आपल्याला काय म्हणायला आवडेल’ यावर घालवले होते.

इकडं थोरल्याला ‘अनू’सुद्धा जमेना. तो म्हणायला लागला ‘नुनू’. बोबड्या वयात एकच अक्षर दोनदा म्हणणं तोंडाला सोपं जातं. बाबा, दादा, मामा सगळे त्याच जातीचे. ब्राझीलच्या ‘काका’ या फुटबॉलपटूचं नावही असंच झालं, धाकट्या भावाला ‘रिकार्दो’ म्हणता येईना म्हणून. ‘नुनू’ आठवडाभरात घरभर पसरलं आणि ज्या ‘अनू’साठी आम्ही एवढे भांडलो, ते आता फक्त आजोबा म्हणतात.

सध्या आम्ही तिला पूर्ण नाव शिकवतो आहोत, कारण गर्दीत चुकली तर नुनू म्हणून कुणाला काही उमगायचं नाही. ‘अनुलाधा’पर्यंत मजल गेलीय. आडनाव येतं. आता बाबांचा फोन नंबर घ्यायचाय.