बुरसटलेलं

आमच्या रत्नागिरीकडच्या घरात श्रावण आधी कपाटात लागतो. दार उघडलं की नाकाला कळतं. चामडी पट्टा, चपला, आईच्या शालूची घडी, सगळ्यावर पांढरट बुरा. माजघराच्या भिंतीवर मात्र काळा. दरवर्षी दिवाळीआधी रंगारी यायचा, पोपडे खरवडून, पुट्टी भरून रंग द्यायचा. पुढच्या आषाढात पुन्हा तोच नकाशा, फार तर एखादं बेट वाढलेलं.

घर आजोबांच्या वेळचं, चिऱ्याचं, आतून चुन्याचा गिलावा. बाबांना तो चुना बुरसटलेला वाटायचा. १९९४च्या उन्हाळ्यात त्यांनी तो उडवून सिमेंट केलं, वर चकचकीत प्लास्टिक पेंट. आजी एवढंच म्हणाली, "भिंतीचं नाक बांधलंस रे."

गेल्या पावसात शेवटी ओल शोधून देणारा एक माणूस शहरातून बोलावला. त्याच्याकडे दोन सुयांचं यंत्र होतं; भिंतीला टोचलं की आत किती ओल आहे ते दाखवणारं. कपाटामागे त्याचा आकडा असा चढला की आईनं कपाटच पुढे ओढलं. मग हा पठ्ठ्या छत्री घेऊन मागीलदारी गेला आणि अर्धा तास पागोळ्या बघत उभा राहिला.

"काका, बुरशीचं काय, पाणी मिळालं की ती येणारच. पाणी कुठून येतंय ते बघू."

परसातल्या फरशीचा उतार घराकडे होता. ती फरशीही आम्हीच हौसेनं घातलेली. जोत्याशी पाणी मुरायचं, चिरा ते वर ओढायचा आणि आतलं सिमेंट त्याला बाहेर पडू द्यायचं नाही. ब्लीचिंगनं पुसून फक्त काळेपणा जायचा. बुरशी आत गिलाव्यात शाबूत.

आधी पन्हळ बसवली, उतार बदलला. एप्रिलमध्ये सिमेंट काढायला माणसं आली. दाराला प्लास्टिकचा पडदा, तोंडाला मास्क, आणि बुरशी घरभर उडू नये म्हणून खरवडण्याआधी भिंतीवर पाण्याचा फवारा. ओल घालवायला आलेले लोक भिंत भिजवतायत आणि वर त्याचे पैसे घेतायत, हे बाबांनी शेजारी चार घरी जाऊन सांगितलं.

भिंत उघडीच ठेवून महिनाभर वाळू दिली. मग पुन्हा चुना. गवंडी तो कालवत होता तेव्हा एक्याऐंशीचे बाबा पडवीत खुर्ची टाकून बसले होते.

"यात गूळ घालायचे," ते म्हणाले.

"किती, आजोबा?"

बाबा बराच वेळ चुन्याकडे बघत राहिले. ते आजीला ठाऊक होतं.