जिना आणि जिल्हा

आमच्या कॉलेजात स्नेहसंमेलनाच्या आधी आठवडाभर ग्रंथालयाच्या दाराशी पुठ्ठ्याचं एक खोकं ठेवलेलं असतं. मुलं त्यात चिठ्ठ्या टाकतात. वर कुणाचं तरी नाव, खाली त्याच्यावर दोन ओळी. आमचे जुने सर याला शेलापागोटे म्हणायचे, मुलं फिशपॉन्ड म्हणतात. मराठी शिकवते म्हणून चिठ्ठ्या निवडायचं काम नऊ वर्षं माझ्याकडे होतं, आणि मी ते मनापासून करत होते.

माझी चाळणी ठरलेली होती. मुलामुलींच्या जोड्या लावणारी चिठ्ठी बाहेर. रंगावर, वजनावर, चष्म्यावर, आडनावावर असलेली बाहेर. द्व्यर्थी शब्द दिसला की बाहेर. बसस्टँडवर समोसे खाऊन तासाला उशिरा येणारा, परीक्षेत पुरवणीवर पुरवणी मागणारी, बोलताना दर वाक्याला 'म्हणजे' म्हणणारे आमचे अर्थशास्त्राचे सर, अशा चिठ्ठ्या मी ठेवायचे. जी ठेवायची तिच्या कोपऱ्यात लाल शाईने बरोबरची खूण.

२०१८च्या जानेवारीत दोनशेच्या वर चिठ्ठ्या आल्या होत्या. रात्री आठपर्यंत स्टाफरूममध्ये बसून मी त्या चाळल्या. त्यातली एक अशी होती:

'डोळ्यांत कलेक्टरची खुर्ची, हातात मात्र झाडू;
मॅडम, आधी जिना झाडा, मग जिल्हा झाडू!'

वर नाव होतं दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीचं. मुलगी हुशार, माझ्या आवडीची. 'कमवा आणि शिका'मध्ये होती. सकाळी सातला येऊन मुख्य इमारतीचा जिना आणि वरचा व्हरांडा झाडायची, नऊला पहिल्या बाकावर बसलेली असायची. स्पर्धा परीक्षा देणार हे तिने सगळ्या वर्गाला सांगितलेलं होतं.

मला ती चिठ्ठी आवडली, हे मला इथे लिहायलाच हवं. पहिल्या ओळीतला झाडू नाम, दुसरीतला क्रियापद. जिना आणि जिल्हा. यमक शिकवताना फळ्यावर लिहावं इतकं नेमकं. शिवी नाही, जात नाही, अंगावर काही नाही. उलट मुलीच्या कष्टाचं कौतुकच आहे असं मला वाटलं. मी खूण केली.

चिठ्ठी वाचून झाली की त्या मुलाला व्यासपीठावर बोलावून एखादी वस्तू देण्याची पद्धत आमच्याकडे आहे. कुणाला आरसा, कुणाला घड्याळाचं चित्र. वस्तू सूत्रसंचालन करणारी मुलं ठरवतात. मी ते कधी पाहत नसे.

संध्याकाळी मैदानावर मांडव भरलेला होता. तिचं नाव पुकारलं, ती हसतच वर गेली. ओळी वाचल्या, शिट्ट्या पडल्या, ती अजून हसत होती. मग एका मुलाने पडद्यामागून कॉलेजचा खराटा आणला, त्याला लाल फीत बांधलेली होती, आणि तो दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. मांडव अक्षरशः दणाणला. समोरच्या रांगेतले दहाबारा फोन वर झाले. तिने खराटा घेतला. पायऱ्या उतरली, तो मांडवाच्या खांबाला टेकवून ठेवला आणि बाहेर गेली. तासाभराने निबंध स्पर्धेची बक्षिसं झाली. दुसऱ्या क्रमांकासाठी तिचं नाव दोनदा पुकारलं. कुणी आलं नाही.

रात्री झोप लागली नाही. सकाळी सातला कॉलेजात पोचले तर ती जिना झाडत होती. मला वाटलं होतं ती येणार नाही.

"अगं, कालचं माझं चुकलं," मी म्हटलं.

ती चार पायऱ्या झाडून थांबली. "मॅडम, रोज मी हा हातात घेते. काल मला तो दिला."

मग हळूहळू बाकीचं बोलली. तिच्या आजीने गावात चावडी झाडलेली. महारकीची वतनं १९५८च्या कायद्याने गेली, तरी त्यांच्या गावात ते काम आजीच्या हातून लगेच सुटलं नव्हतं. वडिलांनी ते सोडलं, त्यासाठी गावाशी भांडण घेतलं. तेव्हापासून घरात ठरलेलं की आता आपल्यातलं कुणी दुसऱ्याचं अंगण झाडणार नाही. म्हणून घरी तिने सांगितलं होतं, मी ग्रंथालयात पुस्तकं लावते. रात्री नऊच्या सुमारास कुणाच्या तरी स्टेटसवरून तो व्हिडिओ गावात पोचला होता. वडिलांचा फोन आला होता. ते रागावले नाहीत. "कधीपासून?" एवढंच विचारलं आणि फोन ठेवला.

मी काय बोलणार होते? हजेरीपटावर तिची जात मला रोज दिसत होती. चिठ्ठीत जातीचा शब्द शोधताना मी तो शोधला, सापडला नाही, आणि निश्चिंत झाले. काही घरांत झाडू हा शब्दच तो शब्द असतो, हे मराठी शिकवणाऱ्या बाईला कळायला हवं होतं.

अकराला प्राचार्यांनी बोलावलं. ते घाबरलेले होते, आणि त्यांचं घाबरणं योग्यच होतं. महाराष्ट्राच्या १९९९च्या रॅगिंगविरोधी कायद्यात चिडवणं आणि थट्टा करणंही येतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली आपल्या नियमांत दुरुस्ती करून जात, रंग, दिसणं, राहण्याचं ठिकाण, आर्थिक स्थिती यांवरून केलेला मानसिक छळसुद्धा रॅगिंगमध्ये घातला. हे परिपत्रक आमच्या सूचनाफलकावर होतं, मीच ते मुलांना वाचून दाखवलेलं होतं. तक्रार द्यायची का, असं तिला विचारलं. ती नाही म्हणाली.

अक्षर मी ओळखलं होतं, वह्या तपासून तपासून सगळ्यांची अक्षरं ओळखू येतात. तो मुलगा तिच्याच गटातला, चौघं रोज एकत्र डबा खाणारी. त्याला बोलावलं तर तो रडायलाच लागला. "मॅडम, ओळ तिचीच आहे. तीच रोज म्हणते, आधी जिना झाडते, मग जिल्हा झाडणार. मी फक्त जुळवली. खराट्याचं मला माहीत नव्हतं."

तिला विचारलं. "हो, माझीच आहे," ती म्हणाली. "डबा खाताना म्हणायचे."

तो खोटं बोलत नव्हता आणि तिला लागलं तेही खोटं नव्हतं. डब्याभोवती चौघांत ती ओळ म्हणणारी ती होती. जिना तिचा, जिल्हाही तिचाच. माईकवरून दुसऱ्याच्या तोंडून, हजारभर लोकांपुढे, लाल फितीसकट ती आली तेव्हा जिल्हा कुणाच्याच ध्यानात राहिला नाही. अक्षर न अक्षर तेच होतं.

मला त्या वेळी २०१२ साल आठवलं. अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातलं शंकर यांचं १९४९चं व्यंगचित्र, गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू. संसदेत गदारोळ झाला. पुण्यात सुहास पळशीकरांच्या विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली, त्यांनी आणि योगेंद्र यादवांनी पाठ्यपुस्तकाच्या सल्लागारपदाचा राजीनामा दिला. आमच्या स्टाफरूममध्ये मी हिरिरीने चित्राच्या बाजूने बोलले होते. घटना बनायला लागलेल्या वेळेवर ते चित्र आहे, अपमान कुठे आहे, असं. तेव्हा एक सहकारी सर शांतपणे म्हणाले होते, "बाई, वर्गात चाळीस मुलं बसलेली असतात. तो चाबूक आधी कुणाला दिसेल, ते बघा." मोडतोड मला आजही चूकच वाटते आणि ते चित्र अभ्यासात राहायला हवं होतं असंही वाटतं. पण सरांच्या वाक्याला मी तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. विषय बदलला होता.

त्या आठवड्यात तिचं काम ग्रंथालयात बदलून दिलं. तिने ते नाकारलं. "आता घरी कळलंय, मग कशाला?" म्हणाली. पुढच्या रविवारी वडील येऊन गेले, जिना बघून गेले, असं शिपायाने सांगितलं. मला भेटले नाहीत.

शनिवारी तास संपल्यावर ती टेबलाशी थांबली.

"मॅडम, ती चिठ्ठी तुमच्याकडे आहे?"

होती. निवडलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या कपाटातच होता. काढून दिली. तिने आधी अक्षर पाहिलं, मग कोपऱ्यातली लाल खूण. खुणेवर अंगठा ठेवला.

"ही तुमची?"

"हो."

तिने चिठ्ठीची घडी केली, वहीच्या पुठ्ठ्यात सरकवली आणि पुढच्या तासाला गेली.