मैदान आखणारा गडी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला आलात की मैदानावर जा आणि खो-खोच्या खांबावरून एकदा तळहात फिरवा. कुठे कूस लागणार नाही. दर पावसाळ्याच्या तोंडाला आमचा एक मित्र ते दोन्ही खांब पॉलिश पेपरने घासायचा. पेपर बाजूला ठेवून आधी स्वतःचा हात फिरवायचा, मग शेजारी उभ्या असलेल्या पोराचा. "तुझा हात मऊ आहे, तुला कळंल," म्हणायचा.

त्याचं नाव लिहीत नाही. वहिनी म्हणाल्या, "छापून आलेलं त्यांना आवडलं नसतं." गावाला कळायचं ते कळेलच.

आम्ही १९८८ च्या दहावीचे. संघात बारा जण, त्यातले नऊ खेळायचे. हा कायम बारावा. धावण्यात मंद, खांबावर सूर मारायला भ्यायचा, हुलकावणी तर त्याला कोणीही द्यावी. सरांनी त्याला पाण्याची घागर आणि मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीची पिशवी सोपवली, आणि फक्की त्याच्या हाताला जी चिकटली ती शेवटपर्यंत सुटली नाही.

पुढे तो गावातल्या दूध संकलन केंद्रावर लागला. पहाटेचं संकलन आटोपलं की साडेसातला सायकलवर, नंतर मोपेडवर, तो मैदानात हजर. आधी मुरमावर पाणी मारायचा, मग आखणी. मधली पाटी ३० सेंटीमीटर, तिला छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्या, मैदानाची रुंदी १६ मीटर. हे सगळं तो टेपने मोजत नसे. गाठी मारलेली एक सुताची दोरी होती त्याच्याकडे. शाळेने नवा टेप आणून दिला तेव्हा त्याने आधी दोरीने टेप तपासला! दोन्ही जुळल्यावर टेप कपाटात गेला.

क्रीडागुणांच्या, म्हणजे खेळाडू पोरांना परीक्षेत मिळणाऱ्या वाढीव गुणांच्या, प्रस्तावांचं कामही कधी त्याच्याकडे आलं ते कोणाला आठवत नाही. प्रमाणपत्राची झेरॉक्स, शिक्का, सही, मुदतीची तारीख. ज्या पोराचे वडील ऊसतोडीला गेलेत, त्याच्या कागदांमागे हा फिरायचा. शाळेचा तो नोकर नव्हता, मानधन घेत नव्हता. तरी एकदा एका पालकाने "याला यात काय मिळतं?" असं चारचौघांत विचारलं होतं. तो आठवडाभर मैदानावर आला नाही. आठव्या दिवशी आला, कारण पाऊस होऊन खांब कलला होता.

पण मैदानापुढे त्याने घर कधी टाकलं नाही. आई अर्धांगाने बसून होती. संध्याकाळी तो तिला मोपेडवर पुढ्यात धरून आणायचा आणि लिंबाखाली खुर्चीत बसवायचा. म्हातारीला खेळातलं काही कळत नसे, पण "खो" ऐकलं की ती हसायची. पोरी दोन, एकीलाही खो-खोची आवड नाही. तालुक्याच्या अंतिम सामन्याला मी मुद्दाम पुण्याहून रजा काढून आलो, तर हा जागेवर नाही. धाकटीची एलिमेंटरी चित्रकलेची परीक्षा होती आणि हा परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर पाण्याची बाटली घेऊन बसलेला. मी फोनवर तापलो. म्हणाला, "आखून आलोय की रं पहाटे. आता खेळायचं काम पोरांचं." त्या दिवशी आपण हरलो. तो असता तरी हरलोच असतो, समोरच्यांची पळणाऱ्यांची पहिली तुकडीच बाद होईना.

१९ जानेवारी २०२५ ला रात्री त्याचा फोन आला. दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी, दोघांनीही जिंकला होता, नेपाळलाच हरवून. "दोन्ही कप्तान आपल्या महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे!" एवढं ओरडून झाल्यावर लगेच तक्रार: "पण मॅटवर रं. गुडघा सोलला नाही तर कसला खो-खो?" आमचं ते शेवटचं मोठं बोलणं. उन्हाळ्यात, दुधाचे कॅन उतरवताना, छातीत कळ आली. बाकी मला लिहिता येत नाही.

ऑगस्टमध्ये तालुका स्पर्धा आपल्याच मैदानावर होत्या. मी आदल्या दिवशी गावी आलो. टेप कपाटात होता, पण कपाटाची किल्ली सापडेना. धाकटी घरून दोरी घेऊन आली. गाठींना रंगीत दोरे बांधलेले. कुठला रंग कशाचा, हे आम्हा जुन्या खेळाडूंपैकी एकालाही सांगता येईना.

"लाल खांबाचा," ती म्हणाली, "हिरवे आडव्या पाट्यांचे, पिवळा कडेचा. मी पाचवीत असताना बांधलेत. बाबांना गाठी मोजताना चष्मा लागायचा."

एक टोक तिने धरलं, दुसरं मी. मी नेम धरून वाकलो.

"काका, ताणा जरा," ती म्हणाली. "सैल दोरी बाबा चालवून घेत नव्हते."