काठीसारखा एक

शुक्रवार, ऑगस्टची पहिली तारीख. पगाराचा दिवस आणि घरभाड्याचाही. सव्वानऊला फोन वाजला तेव्हा माझा चहा अजून थर्मासातच होता.

मी न्यू जर्सीत, एडिसनजवळ, एका लहान एजन्सीत पेरोल बघते. घरोघरी जाऊन आजारी-म्हाताऱ्यांचं करणारी माणसं आम्ही पुरवतो. दीडेकशे जण, दर पंधरा दिवसांनी पगार. फोनवर होती हैतीहून आलेली आमची एक होम हेल्थ एड. नवी, पहिलाच पगार. "मॅडम, पैसे आले नाहीत."

"थोडं थांबा, येतील," असं मी सांगून टाकलं. सवयीनं. खरं तर डायरेक्ट डिपॉझिटची, म्हणजे थेट खात्यात जाणाऱ्या पगाराची, रक्कम आदल्या संध्याकाळी पाचपर्यंत बँकेकडे पोचली असेल, तर पगाराच्या दिवशी सकाळी ९ ला ती खात्यातून काढता आली पाहिजे, असा नियमच आहे. आमची फाइल बुधवारीच गेली होती. म्हणजे हा उशीर नव्हता, घोळ होता.

तिचा फॉर्म काढला. हातानं भरलेला, निळ्या शाईत. आधी रूटिंग नंबर पाहिला, कारण लोक तिथेच जास्त चुकतात. रूटिंग नंबर म्हणजे बँकेचा पत्ता, नऊ आकडी. कागदी चेक वटायला कुठे न्यायचा ते कळावं म्हणून अमेरिकन बँकर्स असोसिएशननं १९१० साली ही पद्धत काढली. आपल्या चेकच्या तळाशी एमआयसीआर कोड असतो तोही नऊ आकडीच, पण त्यात पहिले तीन आकडे शहराचे. इथे पहिले दोन आकडे सहसा फेडरल रिझर्व्हचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, जिल्हा सांगतात. असे बारा जिल्हे. उत्तर न्यू जर्सी न्यूयॉर्कच्या फेडखाली, म्हणून ०२. दक्षिणेकडचे फिलाडेल्फियाखाली, त्यांचा ०३. तिचा ०२ नं सुरू होत होता. ठीक.

नववा आकडा पहारेकरी. पहिल्या आकड्याला ३ नं गुणायचं, दुसऱ्याला ७ नं, तिसऱ्याला १ नं, पुन्हा ३, ७, १ असं शेवटपर्यंत. बेरीज दहाच्या पाढ्यात बसली पाहिजे. सॉफ्टवेअर हे करतंच, पण मला पेन्सिलीनं करायला आवडतं. एखादा आकडा चुकला तर हा पहारेकरी हमखास पकडतो. शेजारचे दोन उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा पकडतो. दोघांत ५ चा फरक असला, म्हणजे २७ चे ७२ झाले, तर मात्र त्याला डुलकी लागते. तिची बेरीज नीट बसली.

मग राहिला खाते क्रमांक. त्याला आमच्या बाजूला पहारेकरी नाही. तो किती आकडी असावा हेसुद्धा ज्या त्या बँकेवर.

फॉर्मला मागे तिनं पैसे भरायची स्लिप टाचली होती. आम्ही रद्द केलेला चेक मागतो, पण निम्मे लोक चेकबुकातली डिपॉझिट स्लिपच फाडून देतात. तिच्यावर छापलेला रूटिंग नंबर बरेचदा बँकेच्या अंतर्गत वापराचा असतो, ५ नं सुरू होणारा. तो पगारासाठी चालत नाही. हे मला चांगलं माहीत, म्हणून ती स्लिप मी डेटा भरतानाच बाद ठरवली होती आणि हस्ताक्षरातले आकडे उतरवले होते. आता ती उलटून पाहिली. रूटिंग बिनकामाचा, पण शेजारी खाते क्रमांक स्वच्छ छापलेला. आणि तो मी उतरवलेल्याहून एका जागी वेगळा. माझ्याकडे सात, तिथे एक.

फॉर्म खिडकीपाशी नेला. तिच्या शाळेत फ्रेंच वळण असणार. एक लिहिताना ती आधी खालून वर लांब रेघ ओढते, मग खाली उतरते. मला तो सात वाटला. तिचा खरा सातही त्याच ओळीत, चार आकडे पुढे होता, पोटात आडवी रेघ मारलेला. ती रेघ मी पाहिली होती आणि तिचा काही अर्थ असेल असं मनात आलं नव्हतं.

मनात यायला हवं होतं. इथे येण्याआधी मी साताऱ्याकडे एका सहकारी बँकेच्या काउंटरवर सहा वर्षं काढली. मराठीतला १ इंग्रजी नऊसारखा आणि ४ इंग्रजी आठसारखा दिसतो, म्हणून स्लिप आली की आमचे हेडकॅशिअर आधी 'अक्षरी रुपये' वाचायचे, मग आकडा. रकमेला अक्षरी असतं. खाते क्रमांकाला कुठेच नसतं.

शून्य डॉलरची चाचणी नोंद आधी पाठवता येते, तिला प्रीनोट म्हणतात. ती सक्तीची नाही. बाईंना पहिल्या तारखेला पगार हवा होता, म्हणून मी ती गाळली होती.

आमच्या बँकेला ट्रेस नंबर, म्हणजे त्या नोंदीचा माग काढायचा क्रमांक, दिला. अकराच्या सुमारास उत्तर आलं: रक्कम जमा झाली आहे. म्हणजे तो सातवाला क्रमांक खराखुरा कुणाचा तरी होता. असं खातं नसतंच, तर आर-०३ चा शेरा घेऊन पैसे दोनेक दिवसांत परत आले असते. फाइलमध्ये तिचं पूर्ण नाव होतं. पण पैसे घेणाऱ्या बँकेनं ते ताडून पाहिलंच पाहिजे असं बंधन नाही, नुसत्या क्रमांकावर जमा करता येतं. भारतातही वर्षानुवर्षं हेच होतं. आता रिझर्व्ह बँकेनं नेफ्ट-आरटीजीएसला पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यायला सांगितली, तेव्हा मला उगाच आपलं सासर सुधारल्यासारखं वाटलं.

साहेबांना जाऊन सांगितलं, चूक माझी आहे. ते काही बोलले नाहीत, फक्त विचारलं, "तिला आज पैसे कसे देणार?" वायरनं, म्हणजे बँकेतून बँकेत थेट पाठवून. ३० डॉलर चार्ज, पण त्याच दिवशी पोचतात.

वायरचा फॉर्म उघडला आणि सवयीनं तोच रूटिंग नंबर टाकायला लागले. मग हात थांबला. बऱ्याच बँकांचा पगारासाठीचा नंबर वेगळा आणि वायरचा वेगळा असतो. पगाराची फाइल जाते एसीएच या बँकांच्या सामायिक जाळ्यातून, गठ्ठ्यानं. वायर जाते फेडवायर या फेडरल रिझर्व्हच्या यंत्रणेवरून, एकेक. आणि पोचली की पोचली, परत आणायचा हक्क नाही. मी तिला फोन करून शाखेत जायला सांगितलं. काउंटरवरच्या मुलीनं चिठ्ठीवर दोन नंबर लिहून दिले आणि बाईंनी ते फोनवर वाचले. खरंच वेगळे होते.

"आता खाते क्रमांक. एकेक आकडा, सावकाश."

ती वाचत गेली. त्या जागेवर आली तेव्हा मी विचारलं, "हा एकच ना?"

"एक, मॅडम. काठीसारखा." मग जरा थांबून, "तुमच्या काठीसारखा. माझ्या नाही."

पावणेतीनला तिचा मेसेज आला, पैसे जमा झाले. घरमालकाला संध्याकाळी भाडं दिलं.

चुकीच्या खात्यातले पैसे मात्र सहज सुटले नाहीत. अशी नोंद पाच कामकाजी दिवसांच्या आत उलटवता येते, त्याला रिव्हर्सल म्हणतात. मी शुक्रवारीच पाठवली. ती सोमवारी लागली आणि बुधवारी आर-०१ घेऊन परत आली: खात्यात पुरेशी शिल्लक नाही. त्या माणसानं शनिवार-रविवारीच पैसे खर्चले होते. त्याच्या जागी मी काय केलं असतं, देव जाणे. त्याच्या बँकेनं त्याला पत्र लिहिलं, आणि रक्कम महिनाभरानं दोन हप्त्यांत आली. तो कोण हे बँक सांगत नाही. त्याचा खाते क्रमांक तेवढा मला पाठ आहे.

सप्टेंबरात बाईंनी बँक बदलली. नवा फॉर्म घेऊन स्वतः ऑफिसात आल्या. या वेळी रद्द केलेला चेक जोडला होता. शिवाय फॉर्मवर खाते क्रमांकाच्या खाली, प्रत्येक आकड्याखाली बारीक अक्षरात, इंग्रजीत तो शब्दांत लिहून आणला होता.