तुम्ही विचारलंत म्हणून: तो घागरा पुन्हा का नाही

"ताई, तुमच्या बहिणीच्या लग्नात होता ना, पैठणीचा घागरा, अगदी तस्साच हवाय. साडी आहे आमच्याकडे, आजीची." लग्नसराई सुरू झाली की हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर येतं. मी नाही म्हणते. समोरची हिरमुसते, तिची आई जरा रागावते, आणि मग प्रश्न येतो: स्वतःच्या बहिणीला केलात, मग आम्हाला का नाही?

आजवर बरीच उत्तरं देऊन झाली. मास्तर गावी गेलेत. तारखा भरल्यात. जुनं रेशीम टिकत नाही हो. यातलं शेवटचं खरं आहे, पण नाही म्हणण्याचं कारण ते नाही. एकदा लिहूनच टाकते, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला हेच पाठवून देता येईल.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. पत्रिका, सजावट, कोणत्या विधीला काय नेसायचं, हे सगळं एका सुरात बसवून द्यायचं. 'आयडिया' देणारी बाई. लोक मोबाइलमध्ये साठ-सत्तर फोटो घेऊन येतात आणि त्यातले निम्मे एकाच हवेलीचे असतात. डिसेंबर 2017 मध्ये अनुष्का शर्मा आणि विराट कोहलीचं इटलीतल्या टस्कनीत लग्न झालं, सब्यसाचीचा तो फिकट गुलाबी लेहेंगा सगळ्यांनी पाहिला, आणि पुढचे दोन-तीन सीझन माझ्याकडे पेस्टलशिवाय दुसरा रंगच नव्हता. पेस्टल मांडव, पेस्टल पत्रिका, एकीला तर पेस्टल मुंडावळ्या हव्या होत्या. हळदीला आयव्हरी कपडे घालणारी मंडळीही याच काळातली. हळद कपड्यांना लागते, हे दरवेळी कुणालातरी तिथेच उमगायचं.

या सगळ्याचा मला मनापासून वैताग होता. माझं म्हणणं असायचं की कल्पना फोटोत शोधू नका, घरातल्या कपाटात शोधा. अजूनही असतं. पत्रिकेला विकतचा मोर कशाला, आईच्या शालूच्या काठावरची वेल ट्रेस करा, स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडून हातकागदावर एका रंगात छापून घ्या, चार कोपऱ्यांना खरं हळदीकुंकू लावा. फॉइलच्या जाड कार्डापेक्षा स्वस्तात होतं आणि लोक पत्रिका टाकून देत नाहीत. थर्माकोलवर 2018 मध्ये राज्यात बंदी आली तेव्हा डेकोरेटर डोक्याला हात लावून बसले होते. मी केळीचे खुंट, घरची घंगाळं आणि मार्केट यार्डातली शेवंती यांवर अख्खा मांडव उभा केला होता. तोऱ्यातच होते मी, खोटं कशाला बोलू.

त्या तोऱ्यात धाकटीचं लग्न ठरलं. मे 2018.

तिला तो फिकट गुलाबी लेहेंगाच हवा होता. तसाच, रविवार पेठेत शिवून मिळणारा. मी म्हटलं, माझी बहीण आणि नक्कल? शक्य नाही. आणि आईची पैठणी काढली. येवल्याची, 1984 सालची, आईच्या वडिलांनी तिच्या लग्नाला घेतलेली. वांगी रंग, पोपटी झाक मारणारा, नारळी काठ, पदरावर मोर आणि खाली मुनियांची रांग. मलमलीच्या पंचात बांधलेली असायची. आई दर दिवाळीच्या साफसफाईत ती बाहेर काढायची, घडी बदलायची, परत बांधायची. जुनी जर विकत घेणारे दारावर यायचे तेव्हा शेजारच्या काकूंनी दोन शालू दिले आणि त्या पैशांत मिक्सर घेतला. आईने दिली नाही.

मी आईला विचारलं होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण नातेवाइकांत असं पसरलं की मी न विचारता कापली. विचारलं होतं. ती म्हणाली, "कर. तुला त्यातलं कळतं." आणि मी हिशेब मांडला होता: चौतीस वर्षांत तू ती तीनदा नेसलीस आई. पेटीत विरून जाण्यापेक्षा पोरीच्या अंगावर आली तर वाईट काय? आजही कुणी हा हिशेब मला चूक आहे म्हणून दाखवावा. मला चूक सापडत नाही, तीच तर अडचण आहे.

आई टेलरकडे आली. मी येऊ नको म्हणत होते, पण ती आली आणि शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर बसली, मांडीवर तो रिकामा पंचा. मास्तरांनी साडी टेबलावर पसरली, उलटी करून पाहिली. खरी पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. "हातमागाची आहे हो," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघत राहिले. दोनदा विचारलं त्यांनी, "पदर वेगळा करायचा ना? नक्की?" पदराची चोळी, उरलेल्याचा घागरा, काठ खाली घेराला, असं माझं डिझाइन होतं. कागदावर फार सुंदर दिसत होतं. मी म्हटलं, "हो, करा."

काठ फाडता येत नाही, जरीमुळे तिथे कात्रीच लागते. काठ कचकच करत कापला. मग त्यांनी कात्री खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी रेशीम धरून ओढलं, कारण आडवं फाडलं की रेघ सरळ येते. शिवणारे सगळे असंच करतात. टर्रर्र असा लांब आवाज झाला, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. आवाज चालू असताना आई म्हणाली, "हळू." कुणाला म्हणाली कळलं नाही. मास्तर थांबले, पण तोवर फाडून झालं होतं.

मग ती काही बोलली नाही. निघताना तिने मास्तरांकडून चिंध्या मागून घेतल्या. बोटभर रुंद, हातभर लांब, काही नुसत्या त्रिकोणी. त्या पंचात बांधल्या आणि रिक्षात मांडीवर धरून बसली. मी रस्ताभर तिला पत्रिकेच्या कागदाचे भाव सांगत होते.

लग्नातला तो फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. रिसेप्शनला करवल्यांच्या घोळक्यात धाकटी जमिनीवर बसलीय, घागरा गोल पसरलाय, उजवा हात गुडघ्यावर अलगद ठेवलाय. तो फोटो किती फिरला! माझी पुढच्या दोन वर्षांची कामं त्या एका फोटोवर आली. मुली मला म्हणतात, पोझसुद्धा तशीच घेणार, तो गुडघ्यावरचा हात.

ती पोझ नव्हती. खाली बसताना घागरा चिरला होता. वर्षानुवर्षं घडी पडते त्या रेषेवर रेशीम आतून मेलेलं असतं. नुसतं पाहून कळत नाही, ताण आला की कळतं. आई घडी बदलायची, पण मूळची मधली घडी तशीच राहायची बहुतेक. वीतभर चीर पडली आणि आतलं अस्तर दिसायला लागलं. धाकटीने त्यावर हात ठेवला आणि फोटोवाला म्हणेपर्यंत हसत राहिली. नंतर मी खोलीत नेऊन आतून सेफ्टी पिना लावल्या. सात लागल्या. आई दारात उभी होती. तिला दिसलं की नाही, मी विचारलं नाही, आजपर्यंत नाही.

यावर तुम्ही म्हणाल की अस्तराला चिकटवून घ्यायचं, जाळी लावायची, घडीचा भाग वगळायचा. बरोबर आहे. आता मला सगळं येतं. आता मी तो घागरा इतका पक्का करून देईन की नवरी त्यात लेझीम खेळेल. म्हणून तर म्हटलं, रेशीम टिकत नाही हे कारण नाही.

दोन वर्षांनी धाकटी फोनवर सहज बोलून गेली. ती तेव्हा टोरांटोला होती, तिथल्या मंडळाच्या दिवाळीला काय नेसायचं यावर बोलणं चाललं होतं. म्हणाली, "आईची पैठणी असती तर नेसले असते." मी गप्प. मग म्हणाली, "मी म्हटलं होतं तुला, लेहेंगा नको तर नको, मग साडीच नेसते. तू म्हणालीस, नुसतं नेसण्यात नवीन काय?"

मी तिला म्हटलं, मला आठवत नाही. आठवत होतं. शब्दासकट आठवत होतं. फोटोंची नक्कल करणाऱ्यांना हसणारी मी, मलाही फोटोच हवा होता. माझा, दुसऱ्या कुणाकडे नसलेला. पत्रिकेवर त्याच पदरातली मुनिया, मांडवाच्या झालरीला तोच वांगी रंग, नवरीच्या अंगावर तोच पदर. सगळं जुळलं होतं. ज्यांची साडी होती त्या दोघींना काय हवं होतं, एवढंच त्यात धरलं नव्हतं.

पण थांबा, इतक्या सहज मी स्वतःला दोषी ठरवणार नाही. आपल्याकडे साड्या कापतच आल्या आहेत. माझी परकर-पोलकी आईच्या साड्यांची होती. गोधडीत आजीची लुगडी आहेत. बाळाची कुंची खणाची नाहीतर जुन्या रेशमी साडीची शिवतात. तेव्हा कुणी गळा काढत नाही. फरक असलाच तर इतका की ती साडी आधी नेसून नेसून संपलेली असे. पण पैठणी संपते कधी? तीनदा नेसलेली साडी संपायला किती लग्नं लागतील? आणि जरीवाल्याला विकून मिक्सर घेणाऱ्या काकूंना मी नावं ठेवली होती का? नव्हती.

धाकटीला मुलगी झाली तेव्हा आईने कुंची शिवली. त्या चिंध्यांचीच, तुकड्याला तुकडा जोडून, कडेला पोपटी काठ, मागे टाळूवर बरोबर एक मुनिया. टोरांटोला कुरिअर करायच्या आधी मी हातात घेऊन पाहिली. म्हटलं, "आई, तुला कात्री लावायला जीव झाला?" ती सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, "आता ती चिंधीच होती गं."

टोमणा होता की नव्हता, हे मी ठरवू शकलेले नाही. आईच्या बोलण्यात कळत नाही.

तर म्हणून नाही म्हणते. साडी घेऊन या, नेसा, हवी तशी नेसा. पाचवारी, नऊवारी, पदर पुढून घ्या, मागून घ्या. चोळी वेगळ्या कापडाची शिवून देते, पदरावरची नक्षी काढून पत्रिका करते, लिफाफ्याच्या आत छापते. कापणार नाही.

हे लिहून संपलं असतं, पण गेल्या आठवड्यात एक मुलगी आली. साडी तिच्या आईची. आई तीन वर्षांपूर्वी गेली. मी माझं ठरलेलं बोलायला लागले, तर तिने मध्येच थांबवलं. "काकू, मला साडी नेसून वावरता येत नाही. आईला ते माहीत होतं. तीच म्हणायची, तुझ्यासाठी याचा ड्रेस शिवू." मग म्हणाली, "आणि साडी माझ्या आईची आहे. तुमच्या नाही." उद्धटपणे नाही म्हणाली. मला पुढचं सुचलं नाही, आणि साडी ठेवून घेतली. न कापता, चुण्या घालून पट्ट्यावर कच्ची टाचता येईल का, म्हणजे नंतर उसवून पुन्हा साडी करता येईल, हे मास्तरांना विचारते म्हटलं. अजून विचारलेलं नाही. ती शनिवारी येणार आहे.

पिशवी कपाटात पाहून आईने विचारलं, कुणाची. सांगितलं. तिने साडी बाहेर काढून पलंगावर पसरली, एक टोक उलटून मागची बाजू पाहिली. मग मधली घडी सोडली, दुसरीकडून घातली, आणि तो मलमलीचा पंचा शोधून आणला.

"शनिवारपर्यंत यात राहू दे," म्हणाली.